माइकवरची सासू

सुकापूरच्या भामाबाईंना मेलेल्या सासूचा आवाज ऐकू यायचा, आणि त्याचं त्यांना काडीचंही अप्रूप नव्हतं. त्या धवलारीण. लग्नाच्या मांडवात धवले गाऊन विधी लावायचे, हे सासूकडून आलेलं काम. कागदावर काही नाही, सगळं तोंडपाठ. एखादी ओळ अडली की कानाशी सासू पुढची ओळ सांगे. फार लुडबुडू लागली की भामाबाई मनात म्हणत, "आये, गप!" आणि सासू गप होई. जिवंतपणी कधी झाली नव्हती.

चूक एवढीच झाली, की बेलपाड्याच्या एका हळदीत हे "आये, गप!" तोंडातून निघालं आणि समोर माइक चालू होता.

गावभर बोभाटा झाला. मुलगा केतन जमिनींचे व्यवहार करतो, चार लोकांत उठबस. त्यात त्याची मुलगी पूर्वी, तिचं लग्न तोंडावर आलेलं. तो भडकला. "पूर्वीच्या हळदीत तू नाय गायचं, आई. मी डीजे सांगितलाय. पोरीच्या सासरचे म्हणतील, आजी येडी हाय."

सून मिताली म्हणाली, भगताकडे नेऊ. केतन म्हणाला, डॉक्टरकडे. नवराबायकोचं वाजलं ते एवढ्यावरच. म्हातारी वेडी की झपाटलेली, तेवढं ठरायचं बाकी होतं. खुद्द तिला विचारावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. नातीच्या हळदीत धवले गायचे म्हणून बाई तिच्या जन्मापासून वाट बघतेय, आणि हे परस्पर डीजे सांगून मोकळे!

नवीन पनवेलच्या डॉक्टर अरुंधतींनी मात्र विचारलं. "आवाज काही करायला लावतो? भीती वाटते?"

"भीती कसली? गप म्हटलं की गप."

"झोप, जेवण, कामं?"

"सगला ठीक हाय. घरच्यांचा त्रास हाय तेवढा."

डॉक्टर हसल्या. केतनकडे वळून म्हणाल्या, "धडधाकट माणसांतही पुष्कळांना असे आवाज येतात. हसतील म्हणून कुणी बोलत नाही. त्रास नाही, थांबवताही येतो, मग गोळ्या कशाला देऊ?"

केतनने तेवढ्यात खिशातून मोबाईल काढला, बघितला, परत ठेवला.

"कोनाचा फोन?" भामाबाईंनी विचारलं.

"कोणाचा नाय. थरथरल्यासारखं वाटलं."

"वाटलं! दिवसभर वाटतंय तुला. मंग तुला नेऊ का रं भगताकडे?"

केतनचे कान लाल झाले. पण हट्ट सुटला नाही. हळदीच्या दिवशी म्हणाला, "गा बाई. पण माइक नाय. बाजूला बसून गा."

भामाबाईंचं डोकं फिरलं. "मी काय चोरी करतेय? माझ्या नातीला मी कुजबुजून हलद लावू?"

पूर्वी पाटावर बसली होती. हळदीच्या हातांनीच ती उठली आणि डीजेवाल्याच्या हातातून माइक ओढून आणला. "घे, आजी. पप्पांकडे बघू नको."

भामाबाईंनी पदर खोचला. तोंड उघडायच्या आत कानाशी सासू सुरू झालीच. गप करायला मनातलं बोलणं पुरलं असतं. त्यांनी माइक तोंडाशी धरला, केतनच्या डोळ्यांत डोळे घातले आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"आये, गप! आज माझी नात हाय."

आणि पहिला धवला उचलला.