पायरीखालची चमचाभर माती

वाळूवाले सोडले तर नेवासा तालुक्यात आमच्या बाईंइतकी माती कुणी चोरलेली नाही. फरक एवढाच, की वाळूवाल्यांना लोक नमस्कार घालतात आणि बाई दिसल्या की दारं लावून घेतात. बाई मला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून मातीतले जिवाणू धुंडाळतात. त्यातले काही शेजाऱ्यांना मारायला विष सोडतात, त्याच विषांतून आपली कितीतरी अँटिबायोटिक्स आली, आणि ती सर्दीपडशालाही फुटाण्यांसारखी खाऊन आपण बोथट करून टाकली. यावर मी तीन पत्रकं काढली. कुणी वाचत नाही. बाई मात्र लग्नात मांडवाच्या मेढीखालची माती घेतात, दहाव्याला गेल्या तर स्मशानातली. नवरानवरी पाया पडायला वाकतात, तर या आधीच खाली बसलेल्या. भर एप्रिलात त्यांच्या घरात ओल्या मातीचा वास येतो. स्वयंपाकघरात फळीवर काचेच्या बशा, आणि बशांत सतत काहीतरी वाढत असतं.

एकदा त्यांनी एक बशी उजेडात धरली. औषधांना न जुमानणाऱ्या, जखमा सडवणाऱ्या जंतूंचा पांढुरका थर, मधोमध मातीतल्या जिवाणूंचा खडूच्या कणाएवढा ठिपका, आणि त्याभोवती स्वच्छ, रिकामं वर्तुळ. "इथून पुढं कुणी जिवंत गेलेलं नाही," बाई हळूच म्हणाल्या, देवळात बोलावं तसं. पण तो ठिपका त्या पुढं वाढवत गेल्या, तर तिसऱ्या खेपेला त्यानं मारणंच सोडून दिलं. होतं म्हणे असं. मग मूळ मातीच पुन्हा हवी.

ती होती एका ऊसतोड कुटुंबाच्या पायरीखालची. आम्ही दोघी गेलो, तर दारात म्हातारी उभी.

"तुमी माज्या लेकाच्या पायाखालची माती न्हेली," ती आवाज न चढवता म्हणाली. "त्याला कोयता लागला, जखम भरंना. पाय सडत चाललाय. आता काय न्ह्यायला आलाय?"

म्हणजे करणी! माझ्या पिशवीत करणीविरुद्धची पत्रकं होतीच. एक काढून मी सुरू झाले. "गप गं," बाई म्हणाल्या. अंगणात मांडी घालून बसल्या आणि सगळं सांगितलं. "जखमा सडवणाऱ्या जंतूंना या पायरीखालच्या कुणीतरी मारलं होतं, ते माझ्या हातून हरवलं. सापडलं तरी औषध व्हायला वर्षं लागतील. तुमच्या मुलाला ते मिळायचं नाही." हे शेवटचं कशाला बोलल्या, असं मला झालं. म्हातारी बराच वेळ पायरीकडे बघत राहिली, खाली काही हलतंय का पाहावं तशी. मग खुरपं आणून तिनं स्वतः खणलं, बाटली भरून दिली. "काम झालं की न्हेली तशी परत आना," एवढंच म्हणाली.

बशांवर बशा झाल्या, वर्तुळ उमटलं नाही. उरलेली माती घेऊन परवा आम्ही गेलो. मुलगा दवाखान्यातून घरी आला होता. अंगणातल्या मऊ धुळीत पायरीपर्यंत ठसे होते: एक पाऊल, काठीचं भोक, पुन्हा तेच पाऊल. बाईंनी माती पायरीखाली ओतली, तळव्यानं थापली. निघताना त्या ठशांवर पाय पडू नये म्हणून कुंपणाच्या कडेकडेनं चालल्या. त्यांच्यामागून मीही.