योगिनीवर चढलेली हळद

माझी थोरली जाऊ मुक्ताबाई, अख्ख्या कोऱ्हाळ्याची अक्का. तिचा हळदीवर भारी विश्वास. उसाच्या पाटाकडंला दोन सऱ्या हळद लावायची, स्वतः उकडायची, वाळवायची, उखळात कुटायची. मग काय, ताटातलं पिवळं सुटायचं न्हाय. दशमीच्या पिठात हळद, कढीत हळद, ओल्या हळदीचं लिंबू पिळून लोणचं, खोकला आला की हळद-गुळाची गोळी आन् वर चिमूटभर मिरपूड. निजताना दूध तर सगळ्यांनाच. मी तोंड वाकडं करायचे, पण पडसं झालं की आधी तिच्याच चुलीपाशी जाऊन बसायचे.

तिची एकुलती एक पोर योगिनी. शहाण्णवच्या वैशाखात तिचं लगीन ठरलं, कऱ्हाटीला दिलेली. लग्नाला आठ दिवस राहिले आन् पोरीचं अन्न तुटलं. ताटावर बसली की मळमळायचं. अक्का म्हणाली, "सासरच्या धास्तीनं होतंय," आन् दुधातली हळद वाढवली. मला बी तसंच वाटलं. लगीनघाईत कोण कुणाकडं बघतंय?

हळदीच्या आदल्या दिवशी योगिनीनं मला न्हाणीमागं गाठलं. हळूच म्हणाली, "काकी, लघवीला लई पिवळं होतंय."

"एवढं हळदीचं दूध पितीस, ते कुठं जाईल?" मी म्हणलं. "आईला सांगू नगंस हां. उगं तिच्या हळदीला नाव ठेवल्यागत होईल."

मी हसले. पोर बी हसली.

दुसऱ्या दिवशी पाच सवाष्णींत पहिला हात माझा. गालाला हळद लावली आन् वर शहाणपणानं म्हणलं, "बघा, पोरीवर हळद कशी चढलीय!" बाया हसल्या. नवरा लई जीव लावणार, असं कुणीतरी बोललं. सगळं अंगच पिवळं, त्यात हळदीचं कुठलं आन् दुखण्याचं कुठलं? नवरीची मान खाली, डोळं रडून लाल. वर करून कुणी बघितलं न्हाय. मी तरी बघायचं होतं.

कऱ्हाटीत पाचव्या दिवशी अंगाची हळद धुतली. चार पाणी घातली तरी उतरंना. सासू बिचारी खूश झाली. दिवस कलताना पोर बरळायला लागली, तवा जीपमधनं बारामतीला नेली. निरोप आला तशी मी आन् अक्का बी तिथं पोचलो. डॉक्टरनं खालची पापणी ओढून बघितली आन् विचारलं, "कावीळ कधीपासून आहे?" मी पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिले. तिसऱ्या दिवशी योगिनी गेली. हातावरची मेंदी अजून लालच होती.

लोकांना काय, बोलायला फुकट. म्हणाले, आईनं हळद चारून चारून पोर घालवली. हा पाण्यातनं होणारा आजार, हळदीचा ह्यात दोष न्हाय, असं डॉक्टरनं चार वेळा सांगितलं. पण अक्काच्या डोक्यातनं ते गेलं न्हाय. तिनं दोन्ही सऱ्या खुरप्यानं उकरून काढल्या. तवापासून आमच्या घरात वरण पांढरंच शिजतं. किती डाव वाटलं, अक्कापुढं बसावं आन् सगळं सांगून टाकावं. जीभच उचलली न्हाय माझी.

पुढं गावात कुणाची बी हळद असली की अक्का जायची. हळदीला हात लावायची न्हाय. नवरीला उन्हात उभी करायची, पापणी ओढून बघायची आन् म्हणायची, "पांढरं हाय. लावा." आधी बायांना ते अपशकुनी वाटायचं. नंतर नवऱ्या आपणहून तिच्यापुढं येऊन उभ्या राहायला लागल्या.

नव्व्याण्णव साली माझ्या स्वप्नालीची हळद होती. अक्कानं तिला अंगणात उभी केली. एक डोळा बघितला, दुसरा बघितला, परत पहिला बघितला.

"पांढरं हाय," म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "सिंधू, योगीला तवा काहीतरी कळलं असंलच की गं. मला का सांगितलं न्हाय तिनं? मी काय रागावणार होते?"

माझ्या हातात हळदीची वाटी होती.

"लेकराला समजलं नसंल, अक्का," मी म्हणलं.

"व्हय, नसंल समजलं," ती म्हणाली, आन् माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली.