रिपोर्टमध्ये घेतलेली रन

"मॅडम, गाडीत पेशंट हाय. आन गाडी ओढंना झालीय."

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी आमच्या बार्शीच्या शेडमध्ये दुसऱ्या गाडीचे टायर बघत होते. मिलिंद आमचा टेस्ट ड्रायव्हर, सोलापूरचा. तो चालवत होता ती चार दारांची डिझेल पिकअप अजून बाजारात आलेली नव्हती. ओळखू येऊ नये म्हणून अंगभर काळी-पांढरी नक्षी चिकटवलेली, मागे वाळूची पोती. कंपनीच्या ट्रॅकवर पास झालेली गाडी खऱ्या रस्त्यावर, खऱ्या लोडने महिनोन्महिने पळवायची आणि काय बिघडतं ते लिहायचं, हे आमचं काम. अशा प्रत्येक फेरीला आम्ही रन म्हणतो. मी तिथली इंजिनिअर.

"कसला पेशंट?"

"ऊसतोडीची बाई हाय. ट्रॉली पलटी झाली, पाय खाली घावला. ॲम्ब्युलन्स लांब हाय म्हनले. लई रक्त चाललंय, म्हनून मी घेतलं गाडीत. तिचा नवरा बी हाय संगं."

प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे अशा चाचणीच्या गाडीत, बाहेरचा माणूस बसवायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. तो सांगत बसायची ती वेळ नव्हती.

"दिवा कुठला लागलाय?"

"फिल्टरचा. आन इंजिनचा बी. पाय पुरा दाबलाय, तरी सायकलवाला म्होरं चाललाय."

काय झालंय ते मला कळलं. आजकालच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर असतो. धुरातली काजळी त्यात साठते. गाडी जरा वेगात, सलग पळाली की इंजिन स्वतःच तो फिल्टर तापवून काजळी जाळून टाकतं. पण सीझन चालू होता. साखर कारखान्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली आणि मिलिंदची गाडी सकाळपासून त्या रांगेत रखडत होती. काजळी जळायला सुरुवात व्हायची, तेवढ्यात गाडी थांबायची. शेवटी फिल्टर गच्च भरला. अशा वेळी इंजिन जळू नये म्हणून गाडीतला कॉम्प्युटर पॉवर कापतो. याला आम्ही लिंप मोड म्हणतो, म्हणजे लंगडत घरी जा. त्यावर उपाय एकच होता. गाडी बाजूला घेऊन इंजिन चालू ठेवायचं आणि काजळी जळेपर्यंत वाट बघायची. तेवढा वेळ त्या बाईकडे नव्हता.

मी सांगितलं, "थांबू नकोस. येईल तशी येऊ दे. मी दुसरी गाडी घेऊन समोरून येते."

माढ्याच्या रस्त्याला ते मला भेटले. बाई मागच्या सीटवर आडवी होती. तिचं नाव सुमन, हे नंतर कळलं. गुडघ्याच्या वर नवऱ्याचा टॉवेल करकचून बांधलेला. आम्ही तिघांनी तिला उचलून माझ्या गाडीत घेतलं. ती ओरडली नाही, फक्त पाणी मागत होती. मी गाडी वळवून हॉस्पिटलकडे हाणली. वाटेत नवरा एवढंच बोलला, "नवी गाडी व्हती की ती. मंग पळंना कशी झाली?"



सुमन वाचली. तिचा पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला. मी डॉक्टरांना विचारलं, लवकर पोहोचलो असतो तर? ते म्हणाले, "पाय जागेवरच चिरडला होता. राहिला असता की नसता, मला सांगता येणार नाही." आजही मला ते कुणी सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून भागवत सरांचा फोन आला. ते आमच्या प्रोजेक्टचे हेड.

"ती रन काढून टाक. बाहेरची माणसं होती, म्हणजे टेस्ट इनव्हॅलिड."

"सर, गाडी माणसांमुळे बसली नाही. रांगेत फिल्टर भरला म्हणून बसली. ती दोघं नसती तरी बसली असती."

"मग तीच रन पुन्हा कर. माणसांशिवाय दाखव."

मी बऱ्याचदा केली. फिल्टरचा दिवा लागायचा, पण पॉवर तुटायची नाही. त्या दिवसाएवढी रांग पुन्हा लागली नाही, आणि सीझन संपत आला होता. एवढ्या एका रनखेरीज माझ्याकडे पुरावा नव्हता.

सर म्हणाले, "तू ती लिहिलीस तर लीगलवाले विचारणार, ही माणसं गाडीत कशी? मिलिंदला काढावं लागेल. मग मला त्याला वाचवता येणार नाही. नीट विचार कर."

ते धमकी देत नव्हते. खरं तेच सांगत होते.

मी मिलिंदला शेडमध्ये बसवून सगळं सांगितलं. त्याची बायको शिवणकाम करायची, मुलगी दहावीला होती. हेही मला माहीत होतं.

तो म्हणाला, "न्हाय लिवलं तर गाडी अशीच इकनार?"

"शक्यता आहे."

"मंग लिवा. पर एक करा मॅडम. मी त्यास्नी चुकून बसवलं आसं लिवू नका. इचार करून बसवलं आसं लिवा."

तसंच लिहिलं. शब्द त्याचेच ठेवले.

रिपोर्टवर पुण्यात बरीच भांडणं झाली. शेवटी सॉफ्टवेअर बदललं. आता गाडी कमी वेगातही काजळी जाळायला घेते, आणि पॉवर एकदम न कापता टप्प्याटप्प्याने कमी करते, आधी इशारा देऊन. लाँच लांबलं. मिलिंदला काढलं. मी आणि भागवत सरांनी त्याच्यासाठी स्वतंत्र मेल केले. नियम सगळ्यांना सारखा, असं उत्तर आलं. तो आता सोलापुरात एका शाळेची बस चालवतो.

गाडी विकली की ती कोण, कशासाठी पळवेल हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून माझ्याकडे नवीन येणाऱ्या इंजिनिअरांना मी एकच सांगते. गाडी रस्त्यात बसली, तर बसली असं लिहा. आत कोण होतं, ते त्याच्याखाली लिहा. आणि त्याची किंमत कुणाला मोजावी लागणार आहे, ते लिहिण्याआधी त्या माणसाला स्वतः जाऊन सांगा.