ईस्टरची टोपली

लातूर नवा जिल्हा झाला आणि भाड्याच्या खोल्या मिळेनाशा झाल्या. आमच्या लिंगायत मालकीणबाईंची एकच अट होती: अंडं दिसलं की खोली खाली करायची. शेजारच्या खोलीत एक नवं ख्रिस्ती जोडपं राहायचं. ईस्टरच्या सकाळी मी टँकरवरून घागर घेऊन आलो, तेव्हा मालकीणबाई त्यांच्या दारातल्या झाकलेल्या टोपलीकडे बघत होत्या.

"काय हाय त्यात?"

नवऱ्याचा चेहरा उतरला. बोलताना एरवी पदर बोटाला गुंडाळणाऱ्या त्याच्या बायकोनं सरळ फडकं काढलं. आत हळदीनं, बिटानं रंगवलेले बटाटे होते.

"आमचा देव आज उठला, मावशी. सणाला रंगीत अंडी करतेत. तुमच्या घरात कशी करू?"

मालकीणबाईंनी एक बटाटा निरखला.

"उठलेल्या देवाला नुसते बटाटे व्हय गं? आण इकडं, भाजी टाकते."

नवऱ्यानं लगबगीनं टोपली उचलून त्यांच्या हातात दिली.