शेवटच्या खोलीतल्या बाई

सुलतान बाजारात लेकीसाठी मेणाचे खडू घेताना दुकानदाराने डबी उघडली, आणि त्या तेलकट-गोडसर वासासरशी मी बरकतपुऱ्यातल्या माझ्या शाळेच्या शेवटच्या खोलीत जाऊन पोचले. ‘मंद’ ठरवलेल्या मुलांची ती खोली. गावची शेती सोडून आम्ही नुकतेच शहरात, अंबरपेठेत राहायला आलो होतो. मला मराठीखेरीज काही येत नव्हतं, म्हणून वर्गात मी गप्प असायची. त्यात रंगाने काळीकुट्ट. वर्गशिक्षिकेने थोडे दिवस पाहिलं आणि मला तिकडे धाडून दिलं.

त्या खोलीतल्या बाईंनी आधी खडू पुढे केले. मी अंग चोरून बसलेली पाहून म्हणाल्या, “डरो नक्को, बेटा.” त्या अनोळखी शहरात तो ‘नक्को’ थेट माझ्या आईच्या तोंडचा वाटला, आणि मी बोलू लागले ती थांबेचना. विहीर, तुरीचं शेत, म्हशीचं रेडकू, त्या रेडकापुढे बसून मी म्हटलेले पाढे. बाईंना निम्मंच कळलं असेल; ऐकलं मात्र त्यांनी सगळं.

पुढच्याच आठवड्यात आईला बोलावून, माझा हात धरून त्या वर्गशिक्षिकेपुढे उभ्या राहिल्या. आईला तोडकीमोडकी हिंदी कळायची; तिथलं बोलणं तिने मला पुढे कितीदा तरी सांगितलं.

“हिची जागा तुमच्या वर्गात आहे,” बाई म्हणाल्या. “हिला फक्त तुमची भाषा येत नाही.”

“अहो, बघा तरी तिच्याकडे! घरात कुणी शिकलेलं नाही.”

“तेच म्हणते मी. माझ्याकडे येतात ती सगळी अशीच, काळी, गावाकडची. वकिलांची गोरी मुलं अडखळली की त्यांना तुम्ही शिकवणी लावायला सांगता.”

मी वर्गात परतले. रोज मधल्या सुट्टीत बाई मला शिकवायच्या. ज्या मुलांना त्या खोलीची खरोखरच गरज होती, त्यांच्याशीही त्या त्याच मायेने बोलायच्या. आज मी बँकेत तीन भाषांतून लोकांशी हुज्जत घालते, ती त्यांच्यामुळे.

गेल्या वर्षी बाई मला काचीगुड्याला भेटल्या. मी ओळख सांगितली. त्या हसल्या. “तेरे जैसे भोत थे, बेटा.”

केवढा आनंद झाला मला! इतक्या जणांना त्यांनी हात धरून परत नेलं होतं. घरी येताना रिक्षात मात्र मन हळूहळू जड होत गेलं: म्हणजे इतक्या जणांना तिथे धाडलंही गेलं होतं. ज्या शाळांत अशा बाई नव्हत्या, तिथली मुलं आज कुठे असतील?