सावळ्या नवरीचा व्हिडिओ

हळदीचा ओला वास आला की उदगीरचा तो मांडव आठवतो. त्या लग्नाचा व्हिडिओ मी पहिल्यांदाच कॅमेऱ्याच्या ‘लॉग’ मोडमध्ये शूट करत होते. त्यात चित्र आधी फिकं, धुरकट दिसतं, खरे रंग नंतर कॉम्प्युटरवर आणायचे. नवरीची मावशी कॅमेऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावली आणि हरखून म्हणाली, “पोरगी लई गोरी दिसायलीय, असंच ठेवा!” सावळी नवरी मान खाली घालून बसली. चार दिवस खपून मी हळद पिवळीधमक केली, पण तिचा सावळा रंग होता तसाच राखला. नवरीच्या माहेरी टीव्हीवर व्हिडिओ लागला तेव्हा मावशीचं तोंड उतरलं. नवरीची आई मात्र उठून टीव्हीजवळ गेली आणि म्हणाली, “व्हय, ही माझी लेक हाय.” आजही कुणी ‘नवरी गोरी करा’ म्हणालं, की मी तोच व्हिडिओ लावते.