शर्यतीच्या तेलाचा कौल

आमच्या गावात मोटारगाडी एकच होती, आणि मोटारीतलं कळणारा माणूसही एकच होता. फक्त गाडी एकाची आणि अक्कल दुसऱ्याची होती.

गाडी भाई तेंडोलकरांची. भाई मुंबईत एका गिरणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. छप्पन साली निवृत्त होऊन गावी आले ते ही गाडी घेऊनच. घाटावरच्या कुठल्याशा संस्थानाने मोडीत काढलेली, आठ सिलिंडरची, लांबलचक विलायती गाडी. तिच्यात बसलं की भाईंना आपणच संस्थानिक झाल्यासारखं वाटे. वाटेना का! पण चढ आला की ती दम टाकी, आणि ढकलायला रयत लागे. मी प्राथमिक शाळेचा मास्तर. "मास्तर, जरा हात लावा," असं भाई आतून, मागे वळूनही न बघता म्हणत. दोन वर्षं मी ती गाडी ढकलली आहे, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे.

अक्कल बाबली मेस्त्रीची. हा माझा शेजारी. माझगावच्या एका गॅरेजात वीस वर्षं काढून आई गेल्यावर गावी परतलेला. तिथे एका गोऱ्या साहेबाची शर्यतीची गाडी याच्या हातात होती. इथे भातगिरणीची इंजिनं आणि मालवणच्या लाँची. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं. माणसांशी तो इतकं लक्ष देऊन कधी बोलला नाही. त्याची बायको यशोदा म्हणायची, "माज्या पोटात दुखता तेवा ह्यांका आयकाक येणा नाय. इंजनाच्या पोटात दुखलां की जेवणावरसून उठतत!" खोटं नव्हतं. चुकीचं तेल घालणाऱ्याशी बाबली महिनाभर अबोला धरी. असा हा विक्षिप्त.

भाईंची गाडी पहिल्यांदा त्याच्याकडे आली तेव्हा त्याने इंजिनाखालचं तेलाचं पॅन उतरवलं आणि वीस वर्षांचा काळा गाळ खरवडून काढला. मग कुडाळच्या पंपावरचं साधं, जाड, चाळीस नंबरचं तेल घातलं. गाडी चढ चढू लागली. माझ्या कंबरेची सुटका झाली. त्या दिवसापासून मी बाबलीचा भक्त.

पण साधं तेल भाईंना कसं मानवणार? अठ्ठावन साली ते गोव्याला गेले आणि शर्यतीच्या गाड्यांचं परदेशी तेल घेऊन आले. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा. इन्सुलीच्या कस्टम नाक्यासाठी भाईंनी सासूबाईंना आजारी म्हणून मागच्या सीटवर निजवलं आणि डबा त्यांच्या गोधडीखाली ठेवला. म्हातारी ठणठणीत होती, पण जावयाच्या तेलासाठी बांद्यापासून नाका ओलांडेपर्यंत कण्हत राहिली.

डब्यावर धावत्या गाडीचं लाल चित्र. भाईंच्या अंगणात निम्मा गाव ते बघायला जमला. बाबलीने झाकण उघडलं, वास घेतला, बोटावर थेंब चोळला आणि म्हणाला, "एरंडेल."

अंगणात हशा पिकला. गावात एरंडेल तेल कशासाठी देतात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाई लालबुंद झाले. "माझ्या गाडीला काय जुलाब द्यायचाय?"

"नाय भाईनू. शर्यतीक ह्यांच बरां. पण शर्यत सरली की गरम आसतानाच उपसून टाकूचा लागता. तुमची गाडी पंधरा दिसांनी एकदा भायर पडतली. तवसर ह्याचो आत गोंद होतलो. जुन्या तेलाशीय ह्याचां जमणा नाय. नळये बुजतले, बेरिंगां जळतली. घालू नकात."

एवढं स्पष्ट कुणी सांगितल्यावर शहाण्याने डबा बंद केला असता. आमच्याकडे चर्चा सुरू झाली. लाँचवाल्या सत्यवानाने लाँचीचं तेल सुचवलं. धोंडू गिरणवाल्याने खोबरेल सुचवलं, कारण ते डोक्यालाही थंड पडतं. आयुष्यात इंजिनाचं झाकण न उघडलेली माणसं तेलाच्या जाडीवर भांडत होती आणि ज्याला कळत होतं तो विडी ओढत बसला होता. शेवटी भाईंनी ठरवलं, देवाला विचारू.

आमच्याकडे लग्न, आजार, बांधाचा तंटा, सगळं देवाला विचारतात. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग इंजिनाचं तेल तेवढं का सोडा?

सोमवारी सकाळी देवळात शंकर गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "देवा म्हाराजा! ह्यां तुजां लेकरू तुज्या पायाकडे इलां आसा. तेणां गाडयेसाठी गोयांसून तेल हाडलेलां आसा. तां तेल चांगलां आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मीही ओरडलो, कबूल करतो.

उजवी पाकळी पटकन पडली. भाईंनी सभामंडपात असं बघितलं की जणू पाकळी त्यांनीच पाडली.

बाबली उठला. "तेल चांगलां आसा काय, तां इचारल्यात. चांगलांच आसा, मीय तांच सांगलंय. ह्या इंजनाक चांगलां काय, तां खंय इचारल्यात?"

गुरवाने मान खाली घातली. प्रश्न चुकला हे त्याला तरी कळलं असावं. पण एका गोष्टीचा कौल त्याच दिवशी परत लावत नाहीत. आणि भाई गरजले, "देवापेक्षा शहाणा झालास? दुपारी तेल बदलायचं. चारला मी सावंतवाडीला निघणार."

दुपारी बाबली भाईंच्या शेडमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. भाई सोलकढी-भात ओरपून घोरत होते. चार वाजता गाडी निघाली, सावंतवाडीला जाऊन आली, वाटेत खोकलीसुद्धा नाही. भाईंनी तिन्हीसांजेला गावभर पेढे वाटले. "बघा! फॉरेनचं तेल आणि देवाचा कौल!"

मग गावाने बाबलीला धरलं. पोरंसोरं त्याला एरंडेल म्हणून हाक मारू लागली. सत्यवानाने लाँचीचं काम काढून वेंगुर्ल्याच्या मेस्त्रीला दिलं. म्हणाला, "देवाच्या कौलाक आडवो इलेल्या माणसाचो हात माज्या इंजनाक नको." धोंडूच्या भातगिरणीचं कामही गेलं. ज्याच्या कानावर सगळा किनारा विसंबून होता तो माणूस सहा महिने घरामागच्या परड्यात मिरचीला पाणी घालत बसला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाबलीच्या विहिरीचा रहाट रोज पहाटे इतका किंचाळायचा की मला गजराचं घड्याळ लागत नसे. कौलाच्या दुसऱ्या दिवसापासून तो गप्प झाला होता. एका रविवारी मी जाऊन रहाटाच्या कण्याला बोट लावलं आणि नाकाशी नेलं. एरंडेल! वर गोडसर, परदेशी वास.

"बाबली, गाडीत काय घातलंस?"

"चाळीस नंबर."

"आणि देवाचा कौल?"

"देवान सांगल्यान तेल चांगलां आसा. रहाट बघा मास्तरानू. खोटां सांगल्यान?"

मला हसू आलं आणि पाठोपाठ संताप आला. "अरे, पण गावात सांग! तुझं नाव मातीत गेलं, काम गेलं!"

"सांगलंय तर भाई उद्या सोता घालतले. मगे?" असं म्हणून त्याने पोहरा सोडला. त्या क्षणी मला भाईंचा, सत्यवानाचा आणि देवळात ओरडलेल्या माझ्या स्वतःच्या तोंडाचा मनस्वी राग आला.

मीही गप्प राहिलो. भाई दर सहा महिन्यांनी डबा आणत, बाबली दार लावून तेल बदलत असे आणि आमच्या वाडीतल्या बैलगाड्यांची चाकं शर्यतीच्या तेलावर फिरत. गोवा मुक्त झाला तसे डबे बंद झाले. गाडी तशीच चालत राहिली. भाई म्हणत, "जुन्या तेलाचा गुण अजून उतरलेला नाही."

सहासष्ट साली भाईंचे डोळे गेले आणि गाडी विकायची ठरली. कोल्हापूरचं गिऱ्हाईक आपला मेस्त्री घेऊन आलं. त्या मेस्त्रीने झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि बराच वेळ बघत राहिला. "आत गाळाचा कणसुद्धा नाही. तेल कुठलं घालत होता?"

"शर्यतीचं! गोव्याचं!" भाई आरामखुर्चीतून म्हणाले. "देवाला विचारून."

मेस्त्रीने बोट बुडवून वास घेतला. त्याने भाईंकडे पाहिलं, मग बाबलीच्या काळ्या नखांकडे. हलकेच म्हणाला, "चाळीस?" बाबलीने मान डोलावली. मेस्त्रीने पुढे काही विचारलं नाही, फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आठ वर्षांत त्याच्या कामाला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

गाडी सुरू झाली. बाबली डोळे मिटून ऐकत होता. भाईंनी आवाजाच्या दिशेला तोंड केलं. "काय रे बाबली? तू नको नको म्हणत होतास. आता तरी पटलं ना?"

मी तोंड उघडलं. बाबलीने माझा दंड धरला, गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत सोडला नाही, आणि मग भाईंना म्हणाला, "व्हय म्हाराजा."